उचलली जीप, लावली चिखलाला

लिफ्ट किट, जाडजूड टायर, स्नॉर्केल, लाइटबार... सगळं लावून झालं. पण डोंगरात गाडीने मान टाकली तर? मुळशीच्या चिखलातून आणि पुण्यातल्या एका गॅरेजमधून हा ग्राउंड रिपोर्ट.

शुक्रवारी संध्याकाळी हिंजवडीहून वाकडच्या दिशेने सरपटणाऱ्या ट्रॅफिकमध्ये अडकला असाल, तर एक टाइमपास सुचवते. उंच केलेल्या जीप मोजा. पुढे लोखंडी बंपर, टपावर लाइटबार, बाजूला हत्तीच्या सोंडेसारखं वर गेलेलं स्नॉर्केल आणि काचेवर 'माउंटन्स आर कॉलिंग'चं स्टिकर. यातल्या बऱ्याचशा स्नॉर्केलांनी आजवर पाहिलेलं सगळ्यात खोल पाणी म्हणजे पावसाळ्यात तुंबलेला अंडरपास!

हसू नका. हौस कुणाला नसते? आठवडाभर एक्सेल शीट आणि क्लायंट कॉल्स झेलल्यावर रविवारी चिखल उडवावासा वाटला तर बिघडलं कुठे? प्रश्न एवढाच, की ॲन्युअल बोनसचे पैसे गाडीच्या नक्की कुठल्या भागावर टाकायचे. या प्रश्नाचं उत्तर शोरूममध्ये मिळत नाही आणि यूट्यूबवर तर मुळीच नाही. ते मिळतं डोंगरात, गाडी बंद पडल्यावर. गेल्या जुलैत एका ऑफ-रोडिंग ग्रुपबरोबर स्टोरी करायला गेले होते, तेव्हा हे उत्तर मी बाजूला उभं राहून, पावसात भिजत, अगदी जवळून पाहिलं.

पाच गाड्या, एक मामा

जागा मुळशीच्या पलीकडे, ताम्हिणीच्या अलीकडे. नेमकं गाव सांगत नाही, कारण जमीन खासगी आहे आणि मालकांनी तेवढी एकच अट घातली होती. परवानगी काढून खासगी जमिनीवर गाड्या घालणं हा या ग्रुपचा पहिला नियम. वनखात्याच्या हद्दीत किंवा सड्यावर चाक घालायचं नाही. सड्यांवर कातळावर जेमतेम वीतभर माती असते, त्यात पावसाळी फुलांचं अख्खं जग असतं आणि टायरची एक चाकोरी ते खरवडून काढते.

ताफ्यात पाच गाड्या. सगळ्यात पुढे ग्रुपचा म्होरक्या, ज्याला सगळे 'दादा' म्हणतात. त्याची जीप त्याच्या वडिलांच्या काळातली. ना पॉवर स्टिअरिंग, ना एसी. मागोमाग चाकणच्या एका कंपनीत डिझाइन इंजिनीअर असलेल्या मुलीची जिप्सी. मग दोन साध्या, फारसं काही न केलेल्या गाड्या. आणि शेवटी ताफ्याची हिरोइन, आठ महिन्यांची लालभडक जीप. तिच्या मालकाला आपण हिंजवडीकर म्हणू. सॉफ्टवेअरमध्ये टीम लीड. बरोबर बँकेत नोकरी करणारी बायको आणि सहा वर्षांची मुलगी.

लाल जीपवर काय नव्हतं ते विचारा. दोन इंचांचं लिफ्ट, तेहतीस इंची मड टायर, पुढे-मागे जाड पत्र्याचे बंपर, टपावर कॅरिअर, विंच. "पुढच्या वर्षीच्या बोनसपर्यंत आता पूर्ण फकीर," हिंजवडीकर हसत म्हणाला. कंपनीचं नाव मी लिहीत नाही, कारण पुढे जे झालं त्यात कंपनीचा काही दोष नव्हता.

दादाच्या जीपमध्ये बाजूच्या सीटवर होते मामा. साठीकडे झुकलेले, अंगात खाकी शर्ट, पायात गमबूट. पुण्यात छोटं गॅरेज चालवतात आणि पावसाळ्यातले रविवार या पोरांबरोबर काढतात. त्यांच्या पायाशी एक पत्र्याची पेटी होती. तिच्यात नक्की काय आहे, ते दुपारपर्यंत कुणी विचारलं नाही.

तीन वाजून वीस मिनिटं

सकाळी एक ओढा ओलांडून आम्ही पलीकडे गेलो होतो. पाणी पोटरीच्या जेमतेम वर. पुढे खडकाळ चढ, चिखलाचा पट्टा, वर सपाटी. डबे उघडले, फोटो झाले. मोबाइलला रेंज नव्हती म्हणून सगळे एकमेकांशी चक्क बोललेसुद्धा! परत यायची वाट तीच, आधी खडकांची उतरण आणि मग ओढा.

मजा बघा. चिखलाच्या पट्ट्यात सगळ्यात आरामात निघाली ती जिप्सी. वजन टनाच्या आसपास, त्यामुळे चिखल तिला गिळतच नाही. लाल जीप आधीच पावणेदोन टनांच्या घरातली, त्यात बंपर, विंच, कॅरिअर आणि चार अजस्र टायरांची भर. ती दोनदा रुतली.

उतरताना एका वळणावर लाल जीपचं पुढचं डावं चाक दोन दगडांच्या बेचक्यात अडकलं. हिंजवडीकरने स्टिअरिंग पूर्ण डावीकडे वळवलं आणि ॲक्सिलरेटर दाबला. चाक जागेवरच फिरलं. त्याने आणखी दाबला. चाकाने अचानक दगड पकडला आणि 'कडाक्' असा आवाज आला. मोठं नाही, पण वाळलेली फांदी मोडावी तसं स्वच्छ. गाडी हलेना. इंजिन चालू, गिअर पडतोय, पण पुढून नुसता करकर आवाज.

मामा उतरले, चिखलात आडवे झाले आणि टॉर्च मारून म्हणाले, "गेला एक्सल. बाहेरचा जॉइंट फुटला."

घड्याळात तीन वीस झाले होते. ताम्हिणीच्या बाजूने आभाळ काळं होऊन येत होतं. आणि आमच्या व डांबरी रस्त्याच्या मध्ये तो ओढा होता.

थांब, तिथे नको!

पहिल्या पाच मिनिटांत सगळ्यात धोकादायक गोष्ट कुठली झाली असेल, तर ती मोडलेला एक्सल नव्हती. लाल जीप मागे ओढून बेचक्यातून काढायची म्हणून एका उत्साही मित्राने पट्टा आणला आणि तिच्या मागच्या टो बॉलला, म्हणजे ट्रेलर अडकवायच्या गोळ्याला, गुंडाळला. मामा ओरडले, "थांब! तिथे नको!"

त्यांच्या आवाजात मी तेवढा एकदाच राग ऐकला. कारण नीट समजून घ्या. गाडी खेचायचा कायनेटिक दोर ताणला की आपल्या लांबीच्या वीस-तीस टक्के वाढतो आणि रबरासारखी ताकद साठवतो. त्या ताकदीने गाडी अलगद बाहेर येते. पण दोराच्या टोकाला असलेला लोखंडी तुकडा तुटला, तर तोच तोफगोळ्यासारखा सुटतो. टो बॉल ट्रेलर संथपणे ओढण्यासाठी असतो, असा हिसका खाण्यासाठी नाही. ऑस्ट्रेलियात अशा उडालेल्या टो बॉलने माणसं दगावली आहेत. खेचायला फक्त चासीला बोल्टने पक्के केलेले रिकव्हरी पॉइंट वापरायचे.

दादाने सगळ्यांना दोराच्या लांबीच्या दीडपट अंतरावर पिटाळलं. दोराच्या मधोमध ओलं पोतं टाकलं, म्हणजे दोर तुटलाच तर उसळण्याऐवजी खाली पडेल. गंमत म्हणजे लाल जीपच्या दिमाखदार मागच्या बंपरवर दोर अडकवायला दोन चकचकीत कड्या होत्या, पण त्या नुसत्या पत्र्याला वेल्ड केलेल्या. मामांनी बोटाने टकटक केलं आणि मान हलवली. शेवटी बंपरच्या खाली हात घालून त्यांनी कंपनीने दिलेला मूळचा हुक शोधला. गाडी दोन फूट मागे आली आणि सपाट जागेवर थांबली.

लाल फडकं

आता प्रश्न होता, दुरुस्ती करायची की गाडी सोडून निघायचं?

"गाडी राहिली तरी चालेल, तू चल," बायको म्हणाली. हिंजवडीकर काहीच बोलला नाही. पाच वर्षांच्या हप्त्यांपैकी आठ फिटलेले. रात्री जोराचा पाऊस झाला तर ही उतरण म्हणजे धबधबा होणार, हे त्यालाही दिसत होतं.

निर्णय दादाने घेतला, आणि तो मला फार आवडला. पहिली गोष्ट, मुलगी आणि तिची आई ताबडतोब ओढ्यापलीकडे. दादाने स्वतः त्यांना आपल्या जुन्या जीपमधून पार नेऊन जमीनमालकांच्या घरी सोडलं. दुसरी गोष्ट, ओढ्याच्या काठाला पाण्यात एक काठी रोवली आणि तिला लाल फडकं बांधलं. ओढ्याच्या मध्यभागी पाणी गुडघ्याखाली चार बोटं येईल, तेव्हा ते फडकं बुडेल असा हिशेब. जिप्सीवाली दर दहा मिनिटांनी बघून येणार. "फडकं बुडलं की हातातला पाना खाली ठेवायचा आणि सगळ्यांनी चालतं व्हायचं. गाडी उद्या बघू, परवा बघू. त्यावर वाद नाही," दादा हिंजवडीकरला म्हणाला. हिंजवडीकरने मान डोलावली.

ऑफिसात प्रोजेक्ट बुडताना आपल्यापैकी किती जण असं लाल फडकं आधीच बांधून ठेवतात?

वाट्या आत, दांडा बाहेर

आता उघडली मामांची पेटी. रिंग पाने, गोटी पाने, दोन हातोडे, छिन्नी, पक्कड, बायंडिंग वायर, जुन्या ट्यूबच्या पट्ट्या, ग्रीसचा डबा, एम-सील, एक जाड फळी. बस्स.

फळी कशाला? चिखलात जॅक लावला की गाडीऐवजी जॅकच खाली जातो. फळीवर जॅक, त्यावर गाडी. आणि गाडी उचलल्यावर चासीखाली स्टेपनी आडवी सरकवली. जॅक निसटला तरी गाडी स्टेपनीवर बसेल, मामांच्या छातीवर नाही.

पुढचं काम मी वहीत उतरवून घेतलं. नव्या जीपमध्ये पुढच्या प्रत्येक चाकाला स्वतंत्र सस्पेन्शन असतं. डिफरन्शियलपासून चाकापर्यंत ताकद नेतो तो ड्राइव्ह शाफ्ट, आणि त्याच्या दोन्ही टोकांना वाटीसारखे जॉइंट, म्हणजे चाक वळलं, वरखाली झालं तरी ताकद पोहोचते. त्यातली बाहेरची वाटी शाबूत होती, पण आतला पिंजरा आणि गोळ्यांचा चुरा झाला होता.

तो अख्खा शाफ्ट काढून टाकला तर? जमणार नाही. बाहेरच्या वाटीचा दांडा चाकाच्या हबमधून आरपार जातो आणि त्याच्या नटानेच बेअरिंग आवळून धरलेलं असतं. तो काढून गाडी चालवली तर बेअरिंग सुटं होऊन चाकच डगमगायला लागेल. आतली वाटी काढली तर डिफरन्शियलचं तेल वाहून जाईल. म्हणून मामांनी दोन्ही वाट्या जागेवर ठेवल्या आणि फक्त मधला दांडा काढला. चाकाचा बॉल जॉइंट सोडवला, चाकाची बैठक बाहेर ओढली, रबरी बूट कापले, सर्किट अडकवलेली रिंग स्क्रूड्रायव्हरने काढली, दांडा ओढून बाहेर. फुटके गोळे बोटांनी वेचले. उघड्या वाट्यांत चिखल जाऊ नये म्हणून प्लास्टिकची पिशवी आणि वर ट्यूबची पट्टी. पुन्हा सगळं आवळलं.

ऐकायला सोपं वाटतं ना? धो धो पावसात त्याला पावणेदोन तास लागले. पहिल्या तासात फडकं कोरडं. मग जिप्सीवाली येऊन म्हणाली, "खालची कड भिजलीय." पुढच्या फेरीला, "अर्धं." त्यानंतर कुणी जोक मारला नाही. हिंजवडीकर मामांच्या डोक्यावर ताडपत्री धरून उभा होता. त्याच्या हाताला कंप सुटला होता, पण त्याने ताडपत्री खाली केली नाही.

पाच वाजून दहा मिनिटांनी मामा म्हणाले, "टाक टू-एचमध्ये." आता लाल जीप फक्त मागच्या चाकांवर चालणार होती. उरलेली उतरण ती हळूहळू उतरली. ओढ्यावर दादाने पलीकडून दोर लावला, टायरांतली हवा कमी केली आणि एकेक करून पाचही गाड्या पार झाल्या. फडक्याचा वरचा कोपरा तेवढा अजून पाण्याबाहेर होता.

मामांचं गणित

चार दिवसांनी मी मामांच्या गॅरेजवर गेले. लाल जीप तिथेच रॅम्पवर उभी होती. कटिंग चहा आला आणि मामांनी खडूने फरशीवर गणितच मांडलं.

"ताई, गाडीत कुठंतरी काहीतरी मोडणारच. कुठं मोडायचं, ते आपण ठरवायचं."

म्हणजे असं. कंपनी गाडी बनवते तेव्हा टायर, जॉइंट, शाफ्ट, ब्रेक, स्प्रिंग सगळं एकमेकांच्या मापाने घडवलेलं असतं. तुम्ही टायर मोठं केलंत की ते फिरवायला जास्त जोर लागतो, तो जोर जॉइंटवर येतो. लिफ्ट केलंत की स्वतंत्र सस्पेन्शनमधला शाफ्ट कायम तिरका राहतो. त्यात स्टिअरिंग पूर्ण वळवलं की बाहेरचा जॉइंट त्याच्या शेवटच्या कोनात पोहोचतो. अशा वेळी फिरतं चाक अचानक थांबलं, की हिसका त्याच जागी. साखळीतल्या तीन कड्या जाड केल्या, की चौथी तुटणार. लाल जीपचं नेमकं हेच झालं.

आणि मिळतं काय? मूळचं टायर समजा ३१ इंची आहे आणि तुम्ही ३३ चं बसवलं. व्यास दोन इंचांनी वाढला, पण जमिनीपासून एक्सल उचलला जातो तो निम्माच, म्हणजे एक इंच. स्पीडोमीटरला हे टायर माहीतच नसतं. चाक एका फेऱ्यात सहा टक्क्यांहून थोडं जास्त अंतर कापतं, म्हणून काटा दाखवतो त्यापेक्षा तुम्ही तेवढेच वेगात असता. ब्रेकवरही जास्त ताण येतो. एक इंचासाठी एवढा खटाटोप!

स्नॉर्केलचंही तेच. ते इंजिनाला श्वास घ्यायला उंच नाक देतं, गाडीला पाणबुडी करत नाही. २०२० साली आलेल्या थारसाठी कंपनीने सांगितलेली पाण्याची मर्यादा ६५० मिलिमीटर आहे. स्नॉर्केल लावल्याने वायरिंग, अल्टरनेटर आणि डिफरन्शियलची हवा सोडणारी नळी काही वर चढत नाही. आणि वाहत्या पाण्यात तर गाडी त्याआधीच तरंगायला, सरकायला लागते.

"मग लावू नये काही?" मी विचारलं.

"लावा की! पण जे मोडलं तर डोंगरात तुमच्या हातानं सोडवता येईल, तेच आधी लावा."

वडापचं विद्यापीठ

हे शहाणपण मामांकडे आलं कुठून? पाटण खोऱ्यात ते विशीत वडाप चालवायचे. सातारा-कोल्हापूरकडच्या वाचकांना वडाप सांगायला नको. बाकीच्यांसाठी, गावोगावच्या फाट्यावर 'चला चला' ओरडत माणसं कोंबून नेणारी ती जीप. तिथे टो व्हॅन नव्हती, सर्व्हिस सेंटर नव्हतं. घाटात कमानीचं पान तुटलं तर एक्सल आणि चासीच्या मध्ये लाकडाचा ठोकळा बांधायचा. प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस गेला तर मागचा शाफ्ट सोडवून टपावर टाकायचा आणि फोर बाय फोर टाकून पुढच्या चाकांवर घर गाठायचं. ऑफ-रोडिंगवाले ज्याला आज 'ट्रेल रिपेअर' म्हणतात, ते आपल्याकडे पोटापाण्यासाठी कधीपासून चालू आहे.

जीप मुळात अशीच होती. दुसऱ्या महायुद्धात लढाईच्या मैदानावर सैनिकाला दुरुस्त करता यावी म्हणून साधी. महिंद्रांनी १९४७ मध्ये मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि तिचाच वंश पुढे एमएम ५४० सारख्या गाड्यांपर्यंत आला. मारुतीने १९८५ मध्ये जिप्सी आणली, तीही तितकीच सरळसोट. नव्या गाड्या यांच्यापेक्षा कितीतरी सुरक्षित आणि आरामशीर आहेत, यात वाद नाही. पण त्यांच्यात सेन्सर आणि कॉम्प्युटर आहेत. जुनं डिझेल इंजिन धक्का मारून चालू होतं. नव्याचा एक सेन्सर रुसला तर पाना घेऊन काही उपयोग नाही. म्हणून मामांच्या पेटीत आता ओबीडी स्कॅनरही आलाय. नातवाने वापरायला शिकवला म्हणे!

कायद्याचा ब्रेक

आता थोडं नीरस, पण खिशाला झोंबणारं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, कंपनीने दिलेल्या आणि आरसी बुकात नोंदलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टानेही हेच ठासून सांगितलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि परवानगी नसलेल्या बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. प्रत्येक बदलामागे! लाल जीपचा हिशेब तुम्हीच मांडा.

लोखंडी बुल बारवर तर केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कारवाई करायला सांगितलं होतं. कारणही पटण्यासारखं आहे. धडकेत गाडीचा पुढचा भाग चेपला जाऊन धक्का शोषून घेतो आणि एअरबॅगचा सेन्सर त्याच हिशेबाने बसवलेला असतो. मध्ये कडक लोखंड आलं की सगळा हिशेब चुकतो, आणि समोर पायी चालणारा माणूस असेल तर त्याची धडगत नाही. शिवाय विमा कंपनीला न कळवता केलेले बदल क्लेमच्या वेळी नेमके समोर येतात.

तेव्हा मंडी डबवालीच्या जीपचे फोटो बघून हरखून जा, पण पैसे भरायच्या आधी आरटीओत आणि विमा कंपनीत विचारून घ्या.

लाल जीपचं पुढे काय?

नवा शाफ्ट बसला. तेहतीस इंची टायर आणि पुढचा बंपर हिंजवडीकरने एका झटक्यात विकायला काढले. लिफ्ट काढून मूळ स्प्रिंग बसवल्या. कंपनीच्याच मापाचे ऑल-टेरेन टायर आणि पोटाखाली एक जाड संरक्षक पत्रा, एवढंच आलं. बायकोची अट एकच आहे, लाल फडकं कायम डॅशबोर्डच्या खणात राहणार आणि ते कधी बांधायचं ते ती ठरवणार.

शिवाय महिन्यातला एक शनिवार तो मामांच्या गॅरेजवर असतो. परवा फोन केला तेव्हा म्हणाला, "ग्रीसचे हात आहेत, नंतर बोलतो."

बॉक्स १ : डिकीत आधी काय?

• चासीला पक्के केलेले रिकव्हरी पॉइंट, पुढे आणि मागे. हे नसतील तर बाकी सगळं शोभेचं.

• कायनेटिक दोर, दोन सॉफ्ट शॅकल, जाड हातमोजे.

• हवेचा गेज आणि कॉम्प्रेसर. चिखलात टायरमधली हवा १८ पीएसआयच्या आसपास आणली की पकड वाढते. फार कमी केलीत तर टायर रिमवरून निसटतो. डांबरावर येताच पुन्हा भरायची, हे विसरू नका.

• जॅक आणि फळी.

• आपल्या गाडीच्या मापाचे पाने. भलामोठा सेट घेण्यापेक्षा गॅरेजवाल्याबरोबर बसून यादी करा.

• प्रथमोपचाराची पेटी, टॉर्च, पिण्याचं पाणी, आणि घरी ठेवलेली एक चिठ्ठी : कुठे जातोय, किती वाजता परतणार.

• दुसरी गाडी. एकट्याने जायचंच नाही.

बॉक्स २ : घरी पोहोचेपर्यंतचे जुगाड

• रेडिएटर झिरपतोय? इंजिन पूर्ण गार होऊ द्या, मग झाकण उघडून चमचाभर हळद टाका. ट्रकवाल्यांचा जुना उपाय आहे. पुण्यात आल्यावर रेडिएटर फ्लश करून घ्यायचा, नाहीतर हळद नको तिथेही बसते.

• डिझेलच्या टाकीला बारीक चीर? कोरडा साबण दाबून घासा. आसपास काडी, सिगारेट अजिबात नको.

• टाय रॉड वाकला? काढून दोन दगडांवर ठेवून हातोड्याने सरळ करा. नजरेने चाकं जुळवा आणि बैलगाडीच्या वेगाने घरी या. हा रॉड पुन्हा वापरायचा नाही.

• पाण्यात इंजिन बंद पडलं? स्टार्टर मारू नका! आत पाणी गेलं असेल तर पिस्टन ते दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ओढून बाहेर काढा, एअर फिल्टर उघडून बघा. ओला असेल तर मेकॅनिक येईपर्यंत चावी खिशात.